चिमणाबाईच्या नावानं

नेसरी
६ जुलै २०२५

चि. दानव्वास दोड्डव्वाचा भरभरून आशीर्वाद.

परवा तू फोनवर एवढी बोललीस आणि मी आपलं "जेवलीस का?" हेच तीनदा विचारलं, म्हणून रुसू नकोस. माझे कान गेल्यापासून संगमेश फोनचा स्पीकर लावून तो दुकानाच्या गल्ल्यावर ठेवतो. तू बोलतेस कोल्हापुरातून आणि ऐकतं कोण? शेंगतेल न्यायला आलेलं गिऱ्हाईक, पेंडीच्या पोत्यावर बसलेले दोन म्हातारे, मग संगमेश, आणि उरलंसुरलं मी. अशा फोनवर बाईमाणसानं काय बोलावं? तुझी आई होती तेव्हा आम्ही दोघी बहिणी पत्रंच लिहायचो. तिच्यामागं आता तू, थोरल्या मावशीला लिहिणारी. तेव्हा मनातलं काही असेल ते पत्रात लिहीत जा, मीही लिहीन.

आधी गोड बातमी. सूनबाई शिवलीला माहेरी संकेश्वरला आहे, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. श्रावणात ती बाळाला घेऊन येईल आणि तिसऱ्या सोमवारी, ११ ऑगस्टला, बाळाला लिंग बांधायचं आणि नाव ठेवायचं. नाव शिवांश ठरलंय. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. आपले जंगम अय्यास्वामी गळ्यात लिंग बांधतात तेव्हा बाळ आजीच्या मांडीवर असतं, दुसऱ्या कुणाच्या नाही. चार वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलायला मला कोल्हापुरात निजवलं, तेव्हा मी देवाकडे एवढंच मागून घेतलं होतं.

आता एक काम. आमच्या शेजारची चिमणाबाई तुला आठवत असेल, दोन म्हशी आहेत, डेअरीला दूध घालते, लहानपणी तुला खरवस द्यायची ती. तिला छातीवर खाज सुटली आहे. आधी रुपयाएवढा लाल चट्टा होता. इथल्या औषधाच्या दुकानातून तिनं एक ट्यूब आणली. लावली तशी खाज गेली, बाई खूश. ट्यूब थांबवली तर चट्टा दुप्पट. पुन्हा लावली, पुन्हा तसंच. आता तळहाताएवढं झालंय आणि कडेला कंगोरा धरलाय. बिचारी कुणाला दाखवेना. तू औषधाच्याच कामात आहेस, तर काहीतरी सांग. ट्यूबवरची अक्षरं बारीक आहेत, मी जशी दिसली तशी मागच्या बाजूला उतरवून पाठवते.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चाललाय, तरी उजव्याच्या जिवावर अक्षर बरं येतं. तुझी आई म्हणायची, रत्नक्काचं अक्षर म्हणजे पाटावर मांडलेल्या शेवया.

तुझी,
दोड्डव्वा


कोल्हापूर
११ जुलै २०२५

ती. दोड्डव्वा,

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडायच्या आधीच शेंगतेलाचा वास आला, बरं वाटलं.

चिमणाबाईंना सांग, ती ट्यूब आधी उकिरड्यावर टाका. तू उतरवलेली नावं मी बघितली. एका ट्यूबमध्ये तीन औषधं आहेत. एक बुरशी मारायचं, एक जंतू मारायचं, आणि तिसरं स्टेरॉइड. हे तिसरं खाज आणि लाली लगेच दाबतं, म्हणून बायकांना वाटतं गुण आला. पण ते कातडीची ताकदच काढून घेतं, मग आत बुरशी मोकाट पसरते. आमच्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये मी दिवसभर उभी असते, रोज दोनचार जणी तरी हीच ट्यूब मागायला येतात. एकीला बरं वाटलं की ती जावेला देते, जाऊ नणंदेला देते.

सोबत नुसत्या बुरशीवरचं मलम पाठवते. आंघोळीनंतर जागा टिपून पूर्ण कोरडी करायची, पंख्याखाली बसायचं, मग पातळ थर लावायचा. तिथं ओलं कापड राहू द्यायचं नाही. बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे गडहिंग्लजला जाऊन चामडीच्या डॉक्टरांना दाखवायचं. अर्ध्या तासाची एसटी आहे, त्यात लाजायचं काय?

तुझं काय? रक्त पातळ करायची गोळी रोज घेतेस ना? रक्त तपासून किती दिवस झाले? धातूची झडप आहे, तिथं हयगय चालत नाही. संगमेशअण्णाला मी फोनवर ओरडणारच आहे, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

शिवांशसाठी मी महाद्वार रोडवरून झबली घेतलीत. ११ तारखेची रजा मात्र मिळेलसं वाटत नाही.

तुझ्या पायांना लांबूनच हात लावते.
दानेश्वरी


नेसरी
२० जुलै २०२५

चि. दानव्वा,

मलम पोचलं. चिमणाबाईनं ते मनापासून लावलं. तीनचार दिवस बरं वाटलं, पण जागाच अशी आहे की कोरडी राहत नाही. आता तिथली कातडी सोलल्यासारखी झाली आहे, पिवळं पाणी येतं, आणि वाईट म्हणजे वास येतो. अत्तराचा बोळा पदरात ठेवून वावरते बाई. आयुष्यभर जिनं दुसऱ्याच्या घरातल्या तांब्याला नाक मुरडलं, तिच्याच अंगाला वास यावा, याला काय म्हणायचं?

डॉक्टरांकडे जा म्हणून तू सांगतेस ते खरं. पण गडहिंग्लजला एकटीनं जायची तिची सोय नाही. मुलाला सांगावं लागतं, मुलगा सुनेला सांगतो, सून माहेरी सांगते. आणि तिच्याही घरी श्रावणात कार्य आहे. अंगावर असलं काही आहे म्हटल्यावर तिला कोण पुढं बसवेल? तोंडावर कुणी काही बोलणार नाही, "तुम्ही विश्रांती घ्या" म्हणतील, आणि पाटावर विहीण जाऊन बसेल.

मला तुला एक विचारायचं होतं. हे लहान बाळाला लागतं का? नुसतं मांडीवर घेतलं तर? मध्ये लुगड्याचा पदर असला तर?

पोटात घ्यायचं जोराचं काही असेल तर पाठव. आमच्या एसटीचा कंडक्टर आकाराम रोज कोल्हापूरला येतो, स्टँडवर त्याच्याकडे पुडी दे. तो आणून देईल, आत काय म्हणून विचारायचा नाही.

माझी गोळी चालू आहे. रक्त तपासायला सूनबाई आल्यावर जाऊ. आता दुकानात श्रावणाची गर्दी आहे, संगमेशला कुठं त्रास देऊ?

दोड्डव्वा


कोल्हापूर
२४ जुलै २०२५

ती. दोड्डव्वा,

चिमणाबाईंच्या घरीही श्रावणातच कार्य? तुमची गल्ली एकदम उजळली म्हणायची.

बाळाला नुसतं मांडीवर घेऊन सहसा लागत नाही. जागा झाकलेली असावी, हात धुवावेत, झालं. त्यांना सांग, एवढं भिऊ नका.

आमच्याकडच्या चामडीच्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, बुरशीवर जंतूंची लागण झाली आहे, दोन्हींची औषधं पोटातून द्यावी लागतील, पण बाईला घेऊन ये, न बघता मी देत नाही. मी त्यांना म्हटलं, येणार नाहीत. ते म्हणाले, मग नाही. त्यांचं बरोबर आहे. पण दोड्डव्वा, वासानं ती बाई पदरात अत्तर घेऊन फिरते हे तू लिहिलंस ते माझ्या डोक्यातून जाईना.

मी पाठवते. पण आधी त्यांना एवढं विचारून मला कळव. आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत का? साखरेच्या, फिटच्या, हृदयाच्या, रक्त पातळ करायच्या, कुठल्याही. कावीळ झाली होती का? कुठलं औषध अंगावर उठलं होतं का? नीट विचार आणि लगेच उत्तर टाक. दुकानात रांग लागली आहे, काउंटरच्या आडोशाला लिहिते आहे.

दानेश्वरी


नेसरी
२८ जुलै २०२५

चि. दानव्वा,

विचारलं. काही चालू नाही. कावीळ नाही, अंगावर काही उठलेलं नाही. म्हशीसारखी बाई आहे, तिला काय होतंय?

आज पहिला सोमवार. अय्यास्वामी येऊन गेले, ११ तारीख पक्की केली. पुडी आकारामकडे दे. उशीर करू नकोस.

दोड्डव्वा


कोल्हापूर
३१ जुलै २०२५

ती. दोड्डव्वा,

आकाराम आज भेटला. पुडीत दोन वेगळी पाकिटं आहेत. निळं बुरशीचं, पांढरं जंतूंचं. कधी कुठली घ्यायची ते पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. पांढरी जेवणानंतरच घ्यायची. वास गेला, पाणी थांबलं म्हणून अर्ध्यात सोडायची नाही. उरल्या तर दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, अगदी तसंच दुखणं असलं तरी. अंगावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर थांबायचं आणि मला कळवायचं.

मलम चालूच ठेवायचं. आणि कोरडं, कोरडं, कोरडं. एवढं सांगून सांगून मी आता तुमच्या दुकानातल्या सुक्या मिरचीसारखी झाले आहे.

झबली आकारामकडेच दिली आहेत. रजा मिळाली नाही, त्यामुळे शिवांशचं नाव मी फोनवरूनच ऐकेन. त्या दिवशी तरी स्पीकर लावलेला चालेल.

दानेश्वरी


नेसरी
७ ऑगस्ट २०२५

चि. दानव्वा,

तुझ्या हाताला यश आहे गं. काय लिहू! पाणी थांबलं, वास गेला, खाज तर आठवूनसुद्धा येत नाही. काल कितीतरी दिवसांनी पालथं झोपता आलं. तुझं ते मलम आणि गोळ्या म्हणजे रामबाण. फक्त ती पांढरी गोळी फार वाईट आहे, घेतली की दिवसभर तोंडाला पत्र्याची चव येते, चहासुद्धा गोड लागत नाही.

शिवलीला काल आली. शिवांश अगदी आमच्या यांच्यावर गेलाय, कपाळ तेच, हट्ट तोच. भूक लागली की आधी रडत नाही, भुवया वर करून बघतो. मी त्याला अजून घेतलेलं नाही. लांबूनच बोलते. सूनबाईला वाटलं असेल सासू कोरडी आहे, वाटू दे. सोमवारी घेईन तेव्हा सगळ्यांसमोर घेईन.

घरभर माणसं आहेत. पुरणाची डाळ निवडून झाली. काल कासारीण आली होती, सगळ्या बायकांनी बांगड्या भरल्या. माझा हात तिनं जरासा दाबला तर कोपरापासून मनगटापर्यंत वांग्यासारखा जांभळा झालाय. म्हातारपणी कातडी नाजूक होते, दुसरं काय? दात घासताना थुंकी लाल येते, काल नाकाचा घोळणाही फुटला. धावपळीनं उष्णता वाढली असणार. सब्जा भिजत घातलाय.

सोमवारी बारा वाजता तुझी आठवण काढीन. आपल्या अय्यास्वामींचा मुहूर्त म्हणजे पावणेएक झालाच.

सुखी,
दोड्डव्वा


कोल्हापूर
२० ऑगस्ट २०२५

ती. दोड्डव्वा,

गडहिंग्लजच्या दवाखान्यात मी दोन दिवस तुझ्या उशाशी बसले आणि तू भिंतीकडे तोंड करून राहिलीस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण हे वाच. नाही वाचता आलं तर कुणाकडून तरी वाचून घे.

तुझं ७ तारखेचं पत्र मला सोमवारी दुपारी काउंटरवर मिळालं. शिवांशचं वाचून मी हसत होते. मग पुढं गेले आणि परत मागं आले. चिमणाबाईंच्या गोळीनं तुझ्या तोंडाला पत्र्याची चव कशी येईल? मग जांभळा हात, हिरड्या, नाक. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याची औषधं मी तशीच ठेवली आणि फोन लावला.

संगमेशअण्णानं उचलला. मागं बायका पाळणा म्हणत होत्या. मी म्हटलं, अण्णा, आधी स्पीकर बंद कर. त्याला ऐकू आलं नाही. मग मी ओरडले. काय ओरडले ते तुला माहीत आहे, नेसरीला माहीत आहे. "अण्णा, दोड्डव्वाच्या अंगावर बुरशी आल्या, तिनं माज्या गोळ्या खाल्ल्यात, तिचं रक्त पाण्यागत झालंय! बाळ बाजूला ठेव आन् तिला आत्ताच्या आत्ता गाडीत घाल!" पाळणा थांबला. तो मध्येच थांबलेला पाळणा मला अजून ऐकू येतो.

मी प्रश्न विचारले होते, पण का विचारते ते लिहिलं नव्हतं. घाईत होते. खरं सांगायचं तर वाटलं, कारण सांगून दोड्डव्वाला काय करायचंय? आता सांगते. तुझी रक्त पातळ करायची गोळी रोज आपलं काम करते आणि शरीर तिचा निचरा करून टाकतं. बुरशीची गोळी तो निचराच अडवते. मोरीच्या भोकात बोळा घालावा आणि वरून नळ चालू ठेवावा, तसं. एक गोळी तीन गोळ्यांसारखी चढत जाते. पांढऱ्या गोळीनंही तेच केलं, वर भर घातली. म्हणून नुसत्या बांगडीनं हात काळानिळा झाला. चार दिवस आणखी गेले असते तर डोक्यात रक्तस्राव झाला असता. दवाखान्यात डॉक्टरांची पंचाईत तू ऐकली नसशील. रक्त पातळ राहिलं तर वाहणार, आणि फार घट्ट केलं तर झडपेवर गुठळी धरणार. दोन दिवस ते असं तराजू धरून उभे होते.

आणि ती जखम. नर्स पुसायला आली तेव्हा तिनं गळ्यातलं काढायला सांगितलं. तू लिंगाची डबी मुठीत धरून ठेवलीस, सुटेना. शेवटी मी पूजेला धरतात तसं ते माझ्या तळहातावर घेतलं आणि तिचं काम होईपर्यंत उभी राहिले. तेव्हा मला दिसलं की जखम बरोबर डबीखाली आहे. तू ते ओल्या फडक्यात गुंडाळून बांधतेस हे मला कुठं माहीत होतं? मी आपली पत्रात कोरडं, कोरडं लिहीत बसले.

मी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते नको म्हणाले असताना मी औषध पाठवलं, हे सांगितलं. सध्या मला काउंटरवरून काढून मागं गोदामात बसवलंय. तिथं खोकी मोजते. त्याचं काही नाही. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं असं अण्णा म्हणाला, त्याचं मला फार वाटतं. निघताना तुझ्या कपाळावर हात ठेवायचा होता, तू पदर ओढून घेतलास.

तुझी,
दानेश्वरी


कोल्हापूर
७ सप्टेंबर २०२५

ती. दोड्डव्वा,

तुझं उत्तर नाही. अण्णाला फोन केला तर म्हणाला, "आई मागच्या खोलीत बसत्या, कुनाशी बोलत न्हाई." फोन तुझ्याकडे न्यायला सांगितला, तर तू हातानं नको केलंस म्हणे.

रागाव. चार शिव्या लिहून पाठव. पण रक्ताची तपासणी चुकवू नकोस, आणि कुणीही कुठलीही गोळी दिली, साधी सर्दीची, अंगदुखीची, नाहीतर झाडपाल्याची, तरी आधी तुझी झडप आणि तुझी रोजची गोळी सांग. माझ्याशी बोलू नकोस, पण त्यांना सांग.

दानेश्वरी


नेसरी
२१ सप्टेंबर २०२५

चि. दानव्वा,

हे अक्षर शिवलीलेचं आहे, बोल माझे आहेत. उजव्या डोळ्यापुढं लाल पडदा होता तो आता तपकिरी झालाय. डॉक्टर म्हणतात हळूहळू निवळेल, पूर्ण निवळेल असं म्हणत नाहीत. डावा मोतीबिंदूनं आधीच गेलेला. कान नाहीत, डोळे नाहीत, राहिली फक्त जीभ, आणि ती तर तुला माहीतच आहे. ऐकू येत नसल्यामुळे मी मोठ्यानं सांगते, शिवलीला लिहिते आणि रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकतात. म्हणजे फोन टाळून पत्र धरलं, आणि पत्राचाही स्पीकर झाला. हस आता.

तुझ्यावर मी चिडले होते. खोटं कशाला बोलू? पुरणाचा वास सुटलेला, अय्यास्वामी हातात लिंग घेऊन बसलेले. विहीणबाईंनी शिवांशला उचललं, माझ्या मांडीकडे वाकल्या, आणि तुझा आवाज आला. मी बहिरी, पण तेवढं मला नेमकं ऐकू आलं. सगळ्यांनी आधी फोनकडे बघितलं आणि मग माझ्या छातीकडे. विहीणबाई बाळासकट मागं सरकल्या. दानव्वा, त्या एका पावलानं मला जे झालं ते तुझ्या गोळ्यांनी झालं नाही. गाडीत बसताना मी म्हटलं, मेले तर बरं, आणि तुझं तोंड बघणार नाही.

तू विचारलं होतंस, रक्त पातळ करायची गोळी आहे का. ते वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. आहे म्हटलं असतं तर तू ओळखलं असतंस की ही चिमणाबाई कोण. मला वाटलं, एका पोटात भात जातो, भाजी जाते, ताक जातं, आपापल्या जागी जातात. गोळ्यांचंही तसंच असेल. तू कारण लिहिलं असतंस तर मी घेतल्या नसत्या, असं मी महिनाभर मागच्या खोलीत बसून तुझ्या नावानं म्हणत होते. मग एक दिवस मनात आलं, घेतल्या असत्या. सोमवार जवळ आला होता.

ओलं फडकं आमच्या अव्वानं, तुझ्या आजीनं, शिकवलेलं. लिंगाला पारोसं कापड लावायचं नाही, रोज धुऊन, पिळून, तसंच गुंडाळायचं. अव्वा उन्हाळ्यात रानात काम करायची, तिचं तासाभरात वाळत असेल. मी दुकानात तेलाच्या डब्यांमागं बसणारी. आणि खाली खाज सुटली तेव्हा वाटलं, पूजेत माझ्याकडून काहीतरी चुकलंय. दुसऱ्यांनीही हेच म्हटलं असतं. म्हणून चिमणाबाई पुढं केली.

गेल्या आठवड्यात अय्यास्वामी आले. मी मागच्या खोलीतून बाहेर येईना, तर ते आत आले. म्हणाले, "अव्वा, वलं फडकं बांध म्हनून कुणी सांगिटलं तुला? माज्या आज्यानं न्हाई सांगिटलं, मी न्हाई. दंडाला बांध की आता. जखम भरंपर्यंत दंडाला चालतंय. शिवाला काय खाज सुटत न्हाई, तुला सुटत्या." माझ्या कानाशी येऊन एवढ्या मोठ्यानं म्हणाले की दुकानात संगमेश हसला. आता दंडावर आहे, कोरड्या सुती फडक्यात. जखम गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी नुसत्या मलमानं भरत आणली आहे. पहिल्यांदा गेले तेव्हाच त्यांना झडपेचं सांगितलं, आणि त्यांनीही पोटातलं काही दिलं नाही. बघ, सांगितलं असतं तर एवढंच होतं.

तिचं नाव मी वापरलं ते गावभर झालं, तेव्हा चिमणाबाई भांडायला आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "माज्या अंगाला दोन म्हयनं खाज लावलीस व्हय गं रत्नव्वा? डेअरीत समदी इचारत्यात, आता कसं हाय म्हनून!" मग आत येऊन बसली आणि रडली. मीही रडले. खरवस आणला होता.

आता शिवलीलेचं. हे लिही गं, मान खाली घालू नकोस. माझं लुगडं-झंपर हीच धुते. माहेराहून आली त्याच दिवशी तिनं झंपरावरचे डाग बघितले होते. बोलली नाही. सासूला असं कसं विचारायचं, म्हणून. मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून लपवत होती की तिला माहीत आहे. परवा तिनं शिवांशला आणून काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवलं. ना अय्यास्वामी, ना पाट, ना बायका. मला त्याचं तोंड धड दिसलं नाही. हातानं चाचपलं. भुवया वर केल्या होत्या.

नाव तुझ्या फोननंतर कुणी ठेवलंच नव्हतं. मीच त्याच्या कानात सांगितलं.

गोदामातून काउंटरवर कधी येतेस ते कळव. तुझी चूक होतीच, तुझ्या डॉक्टरांनी बरोबर केलं. पण उभं राहायला तुझ्यासारखीच कुणीतरी हवी तिथं.

दोड्डव्वा


वन्सं, शिवलीलेचा नमस्कार. आत्तींचं सांगून संपलं. इथून पुढचं माझं.

महिना झाला, बाळ प्यायला लागलं की मला सुऱ्या खुपसल्यासारखं दुखतं. दोन्हीकडे चिरा पडल्या आहेत. शिवांशच्या जिभेवर पांढरा थर आहे, पुसला तर निघत नाही. माहेरी सांगितलं तर दूध तोडायला लावतील, म्हणून बोलले नाही. इथल्या दुकानातून मी परवा ट्यूब आणली. उघडणार होते. तुम्ही आत्तींना ज्या ट्यूबचं लिहिलं होतं तीच निघाली.

आत्ता हे लिहिताना आत्तींनी विचारलं, आणखी काय लिहितेस, लेखणी थांबेना झाली? मी त्यांना कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिही. चिमणाबाईचं नाव घालू नको."

मी फक्त लोहाच्या गोळ्या घेते, दुसरं काही नाही. कावीळ झाली नाही. बाळाला वरचं काही नाही. अजून काय सांगायला हवं ते विचारा, आणि का विचारता तेही सांगा. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर मिळेल त्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघी बाळाला घेऊन निघतो.

उत्तर पत्रानं नको, उशीर होईल. फोन करा. स्पीकर लावून ठेवते, आत्तींनाही ऐकायचं आहे.